विडा मिळाला की उठायचं

दरबारात राजाला पाठ दाखवायची नाही, हा नियम आमच्या परभणीच्या घरात गेल्या फाल्गुनात आठवडाभर पाळला गेला. त्यात ओसरीवरच्या दोन कुंड्या फुटल्या, तुमच्या आजोबांच्या चष्म्याची काडी वाकली आणि शेजारच्या वकिलीणबाई येऊन तुमच्याकडे सगळ्यांना एकदम चक्कर यायला लागली आहे का, असं विचारून गेल्या. तुम्हाला मी एवढंच कळवलं होतं की काकाचं लग्न ठरलं. कसं ठरलं ते फोनवर सांगायला बसले की तुमचे आजोबा मागून हसायला लागतात, त्यांना ठसका लागतो, मग पाणी द्यावं लागतं आणि गोष्ट तिथेच राहते. म्हणून आता लिहूनच काढते, पहिल्यापासून आणि क्रमाने.

काका म्हणजे पेडगावचा, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. तो हैदराबादला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथेच त्याची एका मुलीशी ओळख झाली आणि दोघांचं आपसात ठरूनही गेलं. मुलीचे वडील ती लहान असतानाच वारले होते, तिला तिच्या आजोबांनी वाढवलं होतं. तिने काकाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं की आजोबा हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर नाही, आणि त्यांना दुखवून ती काहीही करणार नाही. हे मला सांगताना तुमचा काका आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कच्चे शेंगदाणे खात होता. मी चटणीसाठी निवडून ठेवलेले सगळे शेंगदाणे त्याने संपवले तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"मोठी आई," तो म्हणाला, "ते नाही म्हणाले तर संपलं."

आता हे हैदराबादचे आजोबा. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या तिकडेच. त्यांचे वडील निजामाच्या दरबारात कुठल्याशा दफ्तरावर होते. दरबार जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, पण ह्यांच्या घरी तो अजून रोज भरतो, असं काका म्हणाला. भर वैशाखात ते शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसतात. नातीसाठी आधी एक स्थळ बघायला गेले होते, तर मुलाच्या मामाने त्यांच्यासमोर पायावर पाय टाकला. हे शांतपणे उठले, सलाम केला आणि चहा न घेता निघून आले. त्या घराचं नाव पुन्हा निघालं नाही. तेच आजोबा आता नात आणि सुनेला घेऊन आमच्याकडे येणार होते. मुलीने आधी घर बघावं, मग ते माणसं बघणार.

पेडगावच्या घराचं प्लास्टर निघालं होतं, म्हणून भेट आमच्याकडे ठरली. खरं कारण जाऊबाईंनी, म्हणजे तुमच्या पेडगावच्या आजीने, वेगळंच दिलं. "अक्का, तुमच्याकडंच होऊ द्या. तुमी इंग्रजी शिकलेल्या. तुमाला दरबाराचं समजतं."

इंग्रजीचा आणि दरबाराचा काय संबंध, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मला ते ऐकायला बरं वाटलं आणि मी कामाला लागले.

मला दरबाराचं थोडं समजत होतं, हेही खरं. माझ्या आईचे वडील हैदराबादला कारकून होते आणि साहेबाच्या मागे कागद घेऊन त्यांना कधीमधी दरबारात उभं राहावं लागे. पुढे कॉलेजात शिकवताना मी इंग्रज साहेबांच्या आणि त्यांच्या मडमांच्या आठवणी पुष्कळ वाचल्या. हिंदुस्थानातले दरबार पाहून ती मंडळी पाचूंबद्दल, हत्तींबद्दल आणि गुलाबपाण्याबद्दल पानंच्या पानं लिहीत. माझ्या आजोबांनी पाचूंचा उल्लेख कधी केलाच नाही. ते पायांबद्दल बोलत. डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नावाचा पट्टा बांधल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि एकदा आत गेलं की तासन् तास उभं राहायचं. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलेलं कुणाला दिसता कामा नये. शिंकायचं नाही, खाकरायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. दरबाराच्या आदल्या दिवशी जाणती माणसं पाणी बेताने पीत, कारण मधेच बाहेर जायची सोय नव्हती. आजोबा म्हणत की मोठमोठ्या सरदारांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य दिसायचं, त्यातलं अर्धं ह्याच कारणाने आलेलं असायचं.

तर मी वेळापत्रक केलं. पहिल्या दिवशी सलाम, दुसऱ्या दिवशी बसणं-उठणं, तिसऱ्या दिवशी पाठ न दाखवता खोलीबाहेर जाणं, असं शेवटच्या दिवसाच्या निरोपापर्यंत. पाहुण्यांच्या जागी तुमचे आजोबा. त्यांना मी हॉलमधल्या वेताच्या आरामखुर्चीत बसवलं आणि फक्त गंभीर राहा म्हणाले. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी त्यांनी साहेबांपुढे उभं राहून काढली, त्यामुळे बसायला मिळाल्यावर ते इतके खूश झाले की तालीम संपली तरी खुर्चीतून उठेनात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नुसती भुवई उचलून चहा मागायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मी भुवई उचलली तेव्हा ते उठले.

कुंड्या फोडल्या त्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी. ते रोज दुपारी पेडगावहून मोटारसायकलवर येत, पाय धूत आणि तालमीला उभे राहत. मान खाली, हात पुढे बांधलेले, एकेक पाऊल मागे. दाराचा उंबरा ओलांडेपर्यंत ठीक जमलं. ओसरीला एक पायरी आहे, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"वहिनी," ते मातीत बसूनच म्हणाले, "आमी पाव्हण्याला जेवायला बोलवायलाव का शिक्षा भोगायलाव?"

सगळ्यात छान जमलं जाऊबाईंना. वाकून उजवा हात जमिनीजवळ न्यायचा आणि तिथून सावकाश कपाळापर्यंत आणायचा, ह्याला तस्लीम म्हणतात. त्यांचा हात असा काही वर येई की बघत राहावं. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय? कापूस वेचताना दिवसभर हेच करतो की." काका हैदराबादहून व्हिडिओ कॉलवर तालीम करी. आम्ही फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवत असू. तो सलाम करून मागे मागे जाऊ लागला की चित्रातून नाहीसा होई आणि मग कशालातरी धडकल्याचा आवाज येई.

शेवटच्या दिवसाची निरोपाची तालीम मात्र झाली नाही. पाहुण्यांना पानाचा फार शौक आहे, असं काकाच्या बोलण्यात आलं होतं. जाऊबाईंनी ते मनात धरलं. त्यांचं माहेर सोनपेठचं. तिथल्या आठवडी बाजारात त्यांच्या भावाच्या ओळखीचा एक पानवाला बसतो, त्याच्यासारखी पानं परभणीत मिळत नाहीत असं त्यांचं ठाम मत. त्या सकाळच्या एसटीने गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन. आल्या आल्या त्यांनी विडे लावले, प्रत्येकाला लवंग टोचली आणि माझ्या फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून त्यात मांडून ठेवले. त्या इतक्या दमल्या होत्या की तालमीचं मी काढलंच नाही. पाहुण्यांना निरोप द्यायचा प्रसंग तर सगळ्यात शेवटी येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मुलगीच चालवत होती. त्यांचे कुणी नातेवाईक नांदेडला राहतात, रात्री तिथे मुक्काम करून आले होते. आजोबा उतरले. उंच, काटकुळे, सायीच्या रंगाची शेरवानी, आणि खरोखरच गळ्यापर्यंत बटणं. त्यांनी फाटकातूनच सलाम केला. आम्ही सगळ्यांनी ओळीत उभं राहून उत्तर दिलं आणि इतकं बिनचूक दिलं की त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. माझ्या मनात आलं, पहिला पेपर सुटला.

मग आम्ही आत येऊन बसलो. कुणाचाही पाय पायावर नव्हता. पाणी दिलं. आणि मग शांतता पसरली.

वडीलधाऱ्याने तोंड उघडल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी सगळ्यांच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. पाहुण्यांच्या बाजूने यजमानांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम असावा. त्यामुळे ते आमची वाट बघत होते आणि आम्ही त्यांची. पंखा फिरत होता. मुलीची आई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. काका हैदराबादहून रात्रीच्या गाडीने आला होता, तो गुडघ्यांवर हात ठेवून असा बसला होता की माझ्या आजोबांनी त्याला शाबासकी दिली असती. माझी स्वतःची अशी समजूत होती की सगळं उत्तम चाललं आहे.

जाऊबाईंना ती शांतता सहन झाली नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून त्यांनी बघितलं असणार की पाहुणा गप्प बसला आहे, म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे. त्या विड्यांचं तबक घेऊन बाहेर आल्या. चाल संथ, नजर खाली. सगळं शिकवल्याप्रमाणे. त्यांनी वाकून तबक पुढे धरलं.

हैदराबादच्या आजोबांनी तबकाकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. त्यांनी एक विडा उचलला, कपाळाला लावला, तोंडात ठेवला आणि उभे राहिले. तीनदा तस्लीम केली. "मेहेरबानी," म्हणाले. आणि मग पाठ न दाखवता ते मागे मागे दाराकडे निघाले. मुलांनो, काय चाल होती ती. आम्ही आठवडाभर जे करत होतो ते आणि हे एकच आहे, असं कुणाला सांगून पटलं नसतं. उंबरा, पायरी, चपलांचा स्टँड, सगळं त्यांच्या टाचांना दिसत होतं. आम्ही थक्क होऊन बघतच राहिलो. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे भानावर आलो.

काकाचा चेहरा पांढरा पडला होता. जाऊबाई हातात तबक घेऊन उभ्याच होत्या. "काय झालं?" त्या म्हणाल्या. "पान तिखट होतं का?"

"माझा पाय पायावर नव्हता," तुमचे आजोबा हळूच म्हणाले. "शपथ घेतो."

माझी नजर तबकावर गेली. विडा! हैदराबाद म्हणू नका, पुणं म्हणू नका, ज्या ज्या दरबाराबद्दल मी वाचलं किंवा ऐकलं होतं, तिथे अत्तर आणि विडा म्हणजे एकच अर्थ, भेट संपली. राजा कुणाला जा म्हणत नसे. विडा दिला की समोरचा समजत असे, उठत असे. त्याच्यानंतर बसून राहणं म्हणजे उद्धटपणा. इंग्रज मंडळी ह्याबद्दल कुरकुर करत, की एवढा प्रवास करून यावं, दोन वाक्यं बोलावीत आणि लगेच तबक पुढे यावं. आम्ही तर त्यांना एक वाक्यही बोलू दिलं नव्हतं.

मुलगी बाहेर जाऊन गाडीत डोकावून परत आली. "आजोबा म्हणतात, यजमानांनी इजाजत दिली, आता थांबणं बेअदबी होईल. रागावले नाहीत ते." ती जरा थांबली. "पण वाईट वाटलंय त्यांना. मला विचारत होते की आपलं काय चुकलं."

मी तिला सगळा घोटाळा सांगितला. म्हटलं, त्यांना सांग, चूक आमची आहे, आत या.

"मी सांगून बघितलं," ती म्हणाली. "पण विडा घेऊन उठलेला माणूस आपल्या पायाने परत आत जात नाही म्हणतात. बोलावणं यावं लागतं. चोपदाराकडून." तिचे ओठ थरथरत होते. ती रडते आहे की हसते आहे, ते मला समजेना. तिलाही समजत नसावं.

काका खिडकीतून गाडीकडे बघत उभा होता. चोपदार म्हणजे दरबारातला काठीवाला. हातात चांदीची काठी, खणखणीत आवाज, आणि बोलावणं पोचवायचं ते त्यानेच. असा माणूस परभणीत सकाळी साडेदहाला कुठून आणायचा?

भाऊजी खाकरले. आमच्या घरात खणखणीत आवाज एकच. विहिरीवर उभं राहून ते शेताच्या पलीकडच्या टोकाला हाक मारतात आणि बैलसुद्धा थांबतात. तुमच्या आजोबांनी एका शब्दाने काही न विचारता स्टुलावर चढून हॉलच्या पडद्याची स्टीलची दांडी काढली. पडदा ओढून काढला, पण कड्या तशाच राहिल्या. माझा रेशमी उपरण्यावजा स्टोल होता, तुम्हीच पाठवलेला, तो मी भाऊजींच्या डोक्याला पटक्यासारखा बांधला आणि बोलायची वाक्यं कानात सांगितली. आदब, हुजूर, याद फर्मावली आहे वगैरे. त्यांनी सगळ्याला मान डोलावली.

ते बाहेर गेले. शेजारच्या गच्चीवर वकिलीणबाई कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबल्या. भाजीवालीने गाडा थांबवला. भाऊजी हैदराबादच्या गाडीपुढे ताठ उभे राहिले आणि दांडी उंच धरली. दांडीवरच्या सगळ्या कड्या खळखळत घसरून त्यांच्या मनगटावर आल्या. त्या आवाजाने त्यांची सगळी वाक्यं पळाली असणार. त्यांनी छाती भरून घेतली.

"ओ हैदराबादचे सरकार, हुजूर बोलवायलेत. चला आत, लय वेळ झाला."

गाडीची काच सावकाश खाली आली.

"कोण हुजूर?" आतून आवाज आला.

प्रश्न अगदी रास्त होता. कुणाचं बोलावणं आहे ते कळल्याशिवाय दरबारी माणूस हलणार कसा? भाऊजी वळून घराकडे बघायला लागले. दारात त्यांचे थोरले भाऊ उभे होते, म्हणजे तुमचे आजोबा, रीतीप्रमाणे घरातले मोठे. त्यांच्या मागे मी. भाऊजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि निकाल लावला.

"आमच्या घरात वहिनीच हाय," ते म्हणाले. "बाकी समदी रयत."

तुमच्या आजोबांनी नंतर मला सांगितलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे इतक्या मोठ्याने आणि गल्लीत कुणी बोललं नव्हतं. गाडीचं दार उघडलं. भाऊजी दांडी धरून पुढे आणि शेरवानीतले आजोबा मागे, असे दोघं पावलाला पाऊल जुळवून फाटकातून आत आले. भाजीवालीने पदर डोक्यावर घेतला.

मला तुमच्या आजोबांनी जवळजवळ ढकलत आणून वेताच्या खुर्चीत बसवलं. आणि मी बसले. खोटं कशाला सांगू, बसल्याबरोबर काहीतरी झालं मला. पाठ आपोआप ताठ झाली, हनुवटी वर गेली. मी नुसता हात उचलला तर खोलीतले सगळे एकदम गप्प झाले. इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, माझ्या हाताने कधी एक बाकसुद्धा गप्प झालं नव्हतं. सत्तेची नशा म्हणतात ती हीच, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं, आणि ती फार छान असते.

हैदराबादच्या आजोबांनी माझ्यासमोर तस्लीम केली. "अर्ज आहे," ते म्हणाले. "मुलाला एक गोष्ट विचारायची आहे. इजाजत असावी."

मी मान हलवली.

ते काकाकडे वळले. काका उठून उभा राहिला. त्याने पगार, राहायची जागा, पुढचे बेत, सगळी उत्तरं पाठ केली होती. ती मला माहीत होती, कारण मीच पाठ करून घेतली होती.

"माझी नात हट्टी आहे," आजोबा म्हणाले. "मीच केली आहे तशी. तुमचं भांडण होणार. तेव्हा तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न आमच्या वेळापत्रकात नव्हता. काकाने माझ्याकडे बघितलं, पण हुजुरांना कॉपी पुरवता येत नाही. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"गाडीत जाऊन बसेन," तो म्हणाला. "आणि बोलावणं आलं की परत येईन."

स्वयंपाकघराच्या पडद्याच्या फटीत जाऊबाईंनी डोळे गच्च मिटले, ते मला दिसलं. मुलीची आई पुतळ्यासारखी बसून होती. आजोबा काकाकडे बघत राहिले. पहिल्यांदा त्यांचे खांदे हलले. मग ते शेरवानीसकट सगळे हलायला लागले, पण आवाज येईना. दरबारात मोठ्याने हसत नाहीत, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलेलं. शेवटी गालातल्या विड्याने दगा दिला आणि त्यांना हसू फुटलं ते थेट शेरवानीवर, छातीवर लाल ठिपके उडाले. सून रुमाल घेऊन धावली. "राहू दे, राहू दे," म्हणत ते हसतच होते, आणि मग आम्हीही सगळे. भाऊजींच्या हातातल्या कड्या वाजत होत्या.

पण हो म्हणाले नव्हते. हसणं वेगळं आणि हो वेगळं. जेवणं झाली. धपाटे आणि दही त्यांना इतकं आवडलं की तिसऱ्या धपाट्याला त्यांनी वरचं बटण सोडलं, आणि त्यांच्या सुनेने ते मला कोपराने खुणावून दाखवलं. दुपारची झोप झाली, चहा झाला, तरी होकाराचं नाव नाही. उठायचंही नाव नाही. ऊन कलायला लागलं. मुलीला अंधारात गाडी चालवायला आवडत नाही, तिने दोनदा किल्ल्या हातात घेऊन खाली ठेवल्या.

शेवटी तिची आई माझ्या कानाशी आली. "विडा द्या ना आता. तो मिळाल्याशिवाय ते उठणार नाहीत."

"ते हो म्हणाल्याशिवाय विडा कसा देऊ?" मीही कुजबुजले. "तो घेऊन उठले म्हणजे उत्तर राहूनच जायचं."

जाऊबाईंना विचारण्यात अर्थ नव्हता. सकाळपासून त्या स्वयंपाकघराबाहेर आल्या नव्हत्या आणि तबक त्यांनी पिठाच्या डब्याच्या वर, हात पुरणार नाही अशा जागी ठेवलं होतं.

बाहेरच्या खोलीत ह्याचा कुणालाच पत्ता नव्हता. आजोबा भाऊजींना दांडी कशी धरायची ते शिकवत होते. मी तिथे जाऊन बसले आणि वेळ काढायला विचारलं की तुम्ही दरबार पाहिलेला केव्हाचा.

"पाहिलाच नाही," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षांचा होतो. वालिद, म्हणजे माझे वडील, खांद्यावर बसवून फाटकापर्यंत घेऊन गेले होते, तेवढंच. पुढे दरबारच राहिला नाही."

"मग हे सगळं?"

"ते रोज संध्याकाळी शिकवायचे. म्हणायचे, एखाद्या दिवशी बोलावणं येईल, तेव्हा चुकायला नको." त्यांनी भाऊजींच्या हातातली दांडी जरा सरळ केली. "ते गेले, तरी मी तयारीत राहिलो. आज आलं."

भाऊजींनी दांडी घट्ट धरली, कड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने त्या दाबून धरल्या.

मग आजोबा उठले. वरचं बटण लावलं. नातीला जवळ बोलावलं.

"बेटा, उशीर व्हायला लागला. आत जा आणि विडा घेऊन ये."

"मी?" ती म्हणाली.

"ज्याचं घर त्यानेच द्यायचा असतो."

मला समजायला एक क्षण लागला. काकाला त्याहून जास्त. सगळ्यात आधी समजलं ते जाऊबाईंना, कारण स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आणि पिठाचा डबा पडल्याचा आवाज एकदमच आला. मुलगी आत गेली. बाहेर आली ती ओढणी डोक्यावर घेऊन, हातात तबक, आणि मागे जाऊबाई, केसांपासून पावलांपर्यंत ज्वारीच्या पिठाने माखलेल्या. मुलीने आजोबांसमोर तबक धरलं. विडे तबकात थोडे थोडे सरकत होते.

त्यांनी तो पटकन उचलला नाही. तिच्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, काकाकडे बघितलं. मग विडा घेऊन कपाळाला लावला आणि स्वतःच्या नातीला पूर्ण वाकून तस्लीम केली. "आता मी इथला पाहुणा," म्हणाले, आणि मागे मागे निघाले. ह्या खेपेला चपलांचा स्टँड त्यांना दिसला नाही. डोळ्यांत पाणी असलं की टाचांनाही दिसत नसावं. भाऊजींनी दांडी टाकून त्यांना धरलं आणि दोघं हाताला हात देऊन पायरी उतरले.

मुलगी टेबलावरच्या किल्ल्या घेऊन चपला घालायला लागली.

"अगं, तू कुठं?" जाऊबाई म्हणाल्या.

"गाडी मीच चालवते ना, आजी... आई." कुठलं संबोधन घ्यावं ते न सुचून ती लाजली, आणि मग तोंडाने न मागता तिने हसून हात पुढे केला, विड्यासाठी.

जाऊबाईंनी तबक पाठीमागे लपवलं.

"तुला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला ह्या घरातून इडा कंदीच मिळायचा न्हाई."